अडीच ग्रॅम

पूर्णा जंक्शनवर उतरून स्टेशनरोडनं सरळ चालत गेलं की डाव्या हाताला अण्णारावचं सायकलचं दुकान लागतं. पाटीवरची अक्षरं केव्हाच उडाली. ती पुन्हा रंगवून घ्यावीत असं अण्णारावला कधी वाटलं नाही, कारण पंक्चर घेऊन येणारा माणूस पाटी वाचत बसत नाही. दुकानामागे घर, लिंगायतांचं, आणि घरात माणसं दोनच. एक स्वतः अण्णाराव, वय सदुसष्ट. दुसरी त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची, सोमेश्वरची, बायको भागम्मा, वय साठ. अण्णारावची बायको पाच वर्षांपूर्वी वारली आणि मुलगा राजशेखर पुण्याला कंपनीत आहे.

भागम्मा घरातलं सगळं करते. भाकरी तिची, धुणंभांडी तिची, दुकानात कोणी ओळखीचं टेकलं तर चहाही तिचाच. फक्त एक गोष्ट ती करत नाही. सकाळी आंघोळ करून अण्णाराव गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसतो, त्या पूजेचं पाणी तिनं भरायचं नाही. तांब्या तो स्वतः घासतो आणि स्वतः नळाखाली धरतो. तिच्या हातचं पाणी प्यायला चालतं, लिंगाला चालत नाही. ही रीत अण्णारावच्या आईनं, धुरपताबाईनं घातली. मठातल्या स्वामींनी तेव्हाच सांगितलं होतं की असं काही कुठल्या पोथीत नाही, पण धुरपताबाईनं पोथीला विचारलंच नव्हतं. ती जाऊन नऊ वर्षं झाली तरी रीत चालू आहे. गल्लीतल्या सगळ्यांना ती माहीत आहे, आणि ती का पडली तेही माहीत आहे. निदान त्यांना तसं वाटतं. खरं काय ते एकट्या अण्णारावला ठाऊक होतं, आणि तो चाळीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसला होता.

हे कुलूप कशानं उघडावं? पोलीस नाही, साधुसंत नाही. कौतुकानं उघडलं.

झालं असं की दिवाळीला आलेल्या राजशेखरनं फळीवरचं एक जुनं चेनव्हील काढून त्याचा फोटो घेतला. चेनव्हील म्हणजे पायडलपाशी साखळी ज्याच्यावरून फिरते ते दात्यांचं चाक. या चाकात अण्णारावनं तरुणपणी ओळीनं भोकं पाडली होती, वजन कमी करायला. राजशेखरनं तो फोटो कुठेतरी टाकला आणि विसरून गेला. फाल्गुनात त्याचा फोन आला.

“अप्पा, ते भोकाभोकाचं चाक हाय ना आपलं, त्याच्यासाठी एक जण लय मागं लागलाय. नागेश नाव हाय, पुण्याचाच. जुन्या रेसर सायकली जमवतो. रविवारी यायलाय तुमच्याकडं. नीट बोला जरा.”

नागेश आला. पंचेचाळिशीचा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, पाठीला पिशवी. दुकानाच्या पायरीशी त्यानं बूट काढले, तिथंच अण्णाराव अर्धा विरघळला. सायकलच्या दुकानात बूट कोण काढतं? अण्णारावनं चाक पुढे केलं. नागेशनं ते दोन्ही हातांनी घेतलं, उजेडाकडे धरलं आणि हळूहळू गोल फिरवत राहिला.

“एकशे आठ,” शेवटी तो म्हणाला. “फोटोत मोजली होती. मुद्दाम एकशे आठ?”

“मग? जपमाळ कितीची असती?”

“आणि पाडली कशानं?”

“गिरमिटानं. हातानं फिरवायचं. दुकानात लाईट कुटं व्हती तवा?”

“हातानं!” नागेशनं चाक मांडीवर ठेवलं. “काका, युरोपातले शर्यतवाले सत्तरच्या सुमारास हे करायचे. आज असं जुनं काम लोक काचेच्या कपाटात ठेवतात. मी बरीच पाहिलीत. पण इतकी सारखी, इतकी स्वच्छ कड मी फार कमी ठिकाणी पाहिली. तुम्ही कलावंत आहात.”

आता चाळीस वर्षं ज्याला लोकांनी “ओ पंक्चरवाले” एवढंच म्हटलं, त्याला एकदम कलावंत म्हटल्यावर काय होणार? अण्णाराव फुगला. उठला, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागला. ब्रेकची दांडी, तिच्यात सहा भोकं. सीटखालची नळी, तिच्यात लांबट खाचा. प्रत्येक वस्तू तो धोतराच्या सोग्यानं पुसून पुढे करायचा आणि नागेश “वा” म्हणायचा.

“भोक काय कुणीबी पाडंल,” अण्णाराव सांगू लागला. मास्तरासारखं बोट वर झालं. “कुटं पाडायचं न्हाई ते कळाया पायजे. दोन भोकांच्या मदी एका भोकाइतकी जागा सोडायची. पंच मारून खूण करायची, आधी बारीक पाडायचं, मग मोठं. मग गोल कानशीनं कड घासायची, न्हाईतर तिथूनच चीर जाती. आन् जिथं समदा जोर येतो, तिथं तर हातच लावायचा न्हाई.”

बोलता बोलता त्याचा आवाज एकदम खाली आला, पण नागेशच्या ते लक्षात आलं नाही. तो मोबाईलवर फोटो काढत होता.

ही विद्या अण्णारावला मिळाली होती ती रद्दीतून. चौऱ्याऐंशी साली तो सव्वीस वर्षांचा होता आणि सोमेश्वर बावीसचा. सोमेश्वर सायकलवर बसला की पूर्ण्याच्या पोरांना त्याची पाठच दिसायची. अण्णाराव दर महिन्याला हैदराबादच्या गाडीनं जाऊन जुन्या बाजारातून विलायती रेसरचे सुटे भाग आणायचा, आणि एकदा असाच एक भाग ज्या मासिकाच्या पानात गुंडाळून मिळाला, त्या पानावर एका शर्यतवाल्याच्या सायकलीचा फोटो होता. तिच्या चाकाला भोकंच भोकं. अण्णारावनं ते पान दुकानात चिकटवलं आणि गिरमिट हातात घेतलं. दोघा भावांची वाटणी ठरलेली. भोकं पाडायची अण्णानं, पायडल मारायचं सोमानं. सोमा गिरमिटाला शिवायचासुद्धा नाही. एकदा शिवला होता तर अंगठा फाडून घेतला होता.

त्या वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी परभणीला मोठी शर्यत ठरली. परभणीहून झरी, बोरी आणि परत. जिंकेल त्याला रेल्वेच्या संघात घेतील, म्हणजे नोकरीच लागेल, असं कोणीतरी सांगितलं आणि दोघा भावांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. सायकल अकरा किलोच्या आत आणायची, असं अण्णारावनं ठरवलं. का अकरा? नांदेडच्या एका पोराची अकराची आहे, असं त्यानं ऐकलं होतं. आदल्या दिवशी दुपारी सायकल किराणा दुकानाच्या काट्याला टांगली. अकरा किलो आणि वर थोडं. घंटी नव्हतीच, मडगार्ड नव्हतेच, आता काढणार काय? अण्णारावनं सोमाच्या छातीवरच्या चांदीच्या डबीवर बोटानं टकटक केली. लिंग ठेवायची ती डबी, लग्नात सासऱ्यानं घातलेली, बारा तोळ्यांची.

“आता हीच ऱ्हायली,” अण्णाराव हसत म्हणाला. “हिच्यात तर मी भोकं पाडत न्हाई बाबा. काढून ठेव म्हणजे झालं.”

चेष्टा होती. निदान त्यानं नंतर स्वतःला तसं सांगितलं. सोमाही हसला आणि घरात गेला. अण्णारावनं मग उरलेलं वजन दुसरीकडून काढायचं ठरवलं. पायडल ज्या दांड्याच्या टोकाला बसतं त्या दांड्याला क्रँक म्हणतात. डाव्या-उजव्या दोन्ही क्रँकना चार-चार भोकं आधीच होती. पाचव्याला जागा नव्हती, होती ती पायडलच्या आट्याला लागून. तिथं हात लावायचा नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं डाव्याला पाचवं पाडलं. उजव्याला पाडायला गेला तर गिरमिटाचं पातं बोथटलं. कड घासायची राहून गेली, कारण सोनाराचं दुकान बंद व्हायच्या आत निघालेला कीस त्याच्या काट्यावर घालून बघायचा होता. भरला अडीच ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी झरीच्या अलीकडे, परतीच्या वाटेवर, सोमेश्वर पहिला होता. मागचा जवळ आला म्हणून तो सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारू लागला, तोच डावा क्रँक पाचव्या भोकातून मोडला. पुलाच्या कठड्यावर डोकं आपटलं. मागून जीपमध्ये अण्णाराव होताच. लोक सोमाला उचलत होते तेव्हा त्यानं रस्त्यावर पडलेला पायडलचा तुकडा उचलला आणि कोटाच्या खिशात घातला. असं का केलं, हे त्याला त्या क्षणी कळलं नसेल, पण हाताला बरोबर कळलं होतं. परभणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सोमा गेलेला होता.

घरी अंगातला शर्ट काढला तर गळ्यात लिंग नाही. धुरपताबाईनं जो हंबरडा फोडला तो स्टेशनापर्यंत गेला असेल. एक पूजेची वेळ सोडली तर लिंगायताच्या अंगावरून मरेपर्यंत लिंग उतरत नाही. तिचं पोर लिंगाविना मेलं, भवी म्हणजे धर्माबाहेरचं होऊन मेलं. कोणी काढलं? एकोणीस वर्षांची भागम्मा, लग्नाला आठ महिने झालेली, भिंतीला टेकून उभी होती. तिनं सांगितलं की सकाळी त्यांनी काढून मागितलं, मागची गाठ त्यांना सुटेना, ती मी सोडली, आणि देवघरात ठेवलं. एवढं ऐकल्यावर सायकलचं काय मोडलं हे विचारायची कोणाला शुद्ध राहिली? देवानं शिक्षा केली, विषय संपला. अण्णारावला खोटं बोलायची गरजच पडली नाही. त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्याला फार छान जमलं.

त्याची किंमत भागम्मानं दिली. झरीहून तिचा बाप तिला न्यायला आला तर धुरपताबाईनं भर अंगणात सांगितलं, नवऱ्याचं लिंग उतरवणारी पोरगी आहे, घेऊन जा. बाप मान खाली घालून तसाच परत गेला. पुढे बोरीचं एक बिजवराचं स्थळ चालून आलं होतं, त्यांच्याही कानावर ही गोष्ट गेली आणि ते फिरकले नाहीत. मग ती इथंच राहिली. धुरपताबाईनं तिच्या हातचं पूजेचं पाणी बंद केलं. अण्णारावनं पण बंद केलं. आई बघते आहे, दुसरं काय करणार, असं तो मनाशी म्हणे. आई मेल्यावर बघायला कोणी नव्हतं, तरी तो तांब्या स्वतःच भरत राहिला, कारण एक दिवस जरी तिच्याकडून भरून घेतला असता तरी तिनं विचारलं असतं, आज कसं काय?

तर असा हा कलावंत.

नागेशनं पेटीतून उजवा क्रँक उचलला. चार भोकं, चारही गुळगुळीत. त्यानं बोट फिरवून पाहिलं.

“अप्रतिम. आणि डावा?”

“हरवला.”

“अरेरे. जोडी असती तर काय बोलायचं काम होतं! नीट बघा ना काका, एखाद्या डब्यात—”

“हरवला म्हणलं ना.”

भागम्मा चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे बाकावर ठेवला.

“हरवला न्हाई की भावजी,” ती म्हणाली. “वरच्या फळीवर गोणपाटात गुंडाळलेला हाय. मोडकाय, पर ह्यांच्या सायकलचा हाय म्हणून मी दर दिवाळीला झाडून परत ठेवते.”

“ऱ्हाऊ दे ते. मोडकं काय दाखवायचं पाव्हण्यांना?”

“दाखवा हो, मोडका असला तरी चालेल,” नागेश उठलाच.

चाळीस वर्षांत तो तुकडा नदीत फेकायला अण्णारावला शंभर वेळा सवड होती. नदी काही लांब नाही. दोनदा तो घेऊन निघालाही होता आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परत आला होता. भावाच्या पायाखालची शेवटची वस्तू होती ती. म्हणून सायकलीवर राहिलेल्या दुसऱ्या तुकड्यासकट गुंडाळून वर टाकून दिली आणि मानलं की ती नाहीच. भागम्मा स्टुलावर चढली, गोणपाट काढलं आणि दोन्ही तुकडे नागेशच्या हातात दिले.

नागेशनं ते जोडून पाहिले. मग उजवा क्रँक शेजारी धरला. कपाळाला आठी पडली.

“हे असं कसं? उजव्याला चार भोकं आणि डाव्याला पाच?” त्यानं चष्मा वर केला. “हे पाचवं नंतर पाडलंय. घाईत. कड घासलेलीच नाही. आणि पाडलंय कुठं, तर पायडलच्या आट्याला चिकटून. काका, तुम्ही आत्ताच म्हणालात ना, जिथं जोर येतो तिथं हात लावायचा नाही? तिथंच पाडलंय बघा. म्हणून तर मोडला, सरळ भोकातून गेलाय. दुसरं काही कारण नाही.” मग सहज त्यानं विचारलं, “कोणाला लागलं वगैरे नाही ना तेव्हा?”

भागम्मानं ट्रे पुन्हा उचलला होता. तो तसाच तिच्या हातात राहिला. तिनं नागेशकडे पाहिलं नाही, अण्णारावकडे पाहिलं.

खरं बोलायला एवढी चांगली संधी माणसाला दोनदा मिळत नाही. परका माणूस समोर, पुरावा हातात, आणि जिला सांगायचं ती दोन हातांवर. अण्णाराव खाकरला आणि म्हणाला,

“सोमानंच पाडलं असंल. लय उतावीळ व्हता.”

मेलेल्या भावाच्या अंगावर त्यानं ते भोकही ढकललं.

“चहा घ्या, निवायलाय,” एवढंच भागम्मा नागेशला म्हणाली आणि आत गेली. नागेश मूर्ख नव्हता. आपला पाय कशावर तरी पडला एवढं त्याला कळलं. त्यानं चहा घाईनं संपवला. चेनव्हील आणि ब्रेकच्या दांड्या घेतो म्हणाला, तर अण्णाराव म्हणाला, न्या, समदं न्या, राजशेखरशी बोलून घ्या काय ते. पेटी रिकामी झाली. मोडका क्रँक तेवढा नागेश पिशवीत घालू लागला तेव्हा भागम्मा दारात आली.

“ते ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली.

दुपारी अण्णाराव जेवायला आत गेला. ताट वाढलेलं होतं, नेहमीसारखं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. भागम्मा चुलीपाशी बसली होती आणि तिच्या मांडीवर ते दोन तुकडे होते. करंगळी एका भोकातून काढून दुसऱ्यात घालत होती. एक, दोन, तीन, चार. पाचवं अर्धं या तुकड्यात होतं आणि अर्धं त्या तुकड्यात.

“भावजी, त्यांना गिरमिट धरता येत व्हतं का हो?”

अण्णारावनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

“मला आठवतंय तसं, अंगठा फाडून घेतला व्हता त्यांनी. आमच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. खूण दाखवायचे मला.”

“न्हाई,” अण्णाराव म्हणाला. “त्याला येत न्हव्हतं. मी पाडलं ते. आदल्या दिवशी. वजन जास्त भरत व्हतं म्हणून. मला ठाव व्हतं तिथं पाडू न्हाई, तरी पाडलं. त्याच्यामुळंच तो पडला. लिंगाचं काही न्हाई, तुझं काही न्हाई. मोडलेला तुकडा मीच रस्त्यावरून उचलून खिशात घातला. तवापसून ठाव हाय मला.”

एका दमात सांगून झालं. इतकं सोपं होतं हे! एवढंच तर बोलायचं होतं, याला चाळीस वर्षं का लागली? त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची लाजही वाटली. आता ती रडेल, ओरडेल, कपाळ बडवून घेईल, आणि मग हळूहळू सगळं सुरळीत होईल, असं काहीसं त्याच्या मनात होतं.

भागम्मा रडली नाही.

“किती उतरलं वजन त्या भोकानं?”

“अडीच ग्रॅम.”

“म्हणजे किती?”

“पाव तोळा.”

तिनं मान डोलावली, बाजारात भाव ऐकल्यासारखी. “मला वाटलं व्हतं, आपुन गाठ सोडली म्हणून गेले ते. रोज वाटायचं. पूजेला बसले की पहिलं तेच म्हणायची, गाठ मी सोडली, मला माफ कर. चाळीस वर्षं मी माफी मागायलेय, आन् देवाला तर ठावच असंल की हिचं काही न्हाई ह्याच्यात.”

“मी समद्यांला सांगतो,” अण्णाराव घाईनं म्हणाला. “गल्लीत सांगतो. मठात सांगतो. झरीला येतो तुझ्यासंगं.”

“कुणाला सांगता? बाप गेला, आई गेली. आत्या गेल्या.” धुरपताबाईचं नाव घेताना पहिल्यांदा तिचा आवाज चिरला. “आत्याला शेवटचं पाणी पाजायचं व्हतं तवा मी वाटी घेऊन आले व्हते. तीन वर्षं त्यांचं हगणंमुतणं मी काढलं, ते चाललं. पाण्याची वाटी बघून त्यांनी तोंड फिरवलं. तुमी तिथंच हुबे व्हता भावजी. माझ्या हातातून वाटी घेतली तुमी. मला वाटलं, आईचा जीव अडकलाय, म्हणून घेतली असंल. आन् तवाबी तुमाला ठाव व्हतं.”

अण्णाराव ताटातल्या भाकरीकडे बघत राहिला. ठाऊक होतं.

“आणखी एक सांगू का?” भागम्मानं दोन्ही तुकडे पदरानं पुसले. “त्या दिशी सकाळी मी गाठ सोडत न्हव्हते. म्हणलं, असं करू न्हाई. तर ते म्हणले, अण्णानं सांगितलंय, काढून ठेव म्हणून. अण्णानं सांगितलंय म्हणल्यावर मी सोडली. घरात तुमचा शब्द मोठा.”

अण्णारावनं मान वर केली. ती चेष्टा सोमाशिवाय कोणाच्या कानावर गेली नाही, असं तो समजून होता.

“आत्या मला इचारायल्या व्हत्या, कुणाच्या सांगण्यावरनं काढलंस, बोल. केस धरून इचारायल्या. मी तुमचं नाव घेतलं न्हाई. वाटलं, एक ल्योक गेलाय, दुसऱ्याचं तोंडबी बघंनाशी झाली तर म्हातारी कुणाच्या आधारानं जगंल? म्हणून म्हणलं, माझ्यावरच ऱ्हाऊ दे.” ती उठली. “मी तुमाला वाचवायले व्हते, आन् तुमी तुमालाच वाचवायले व्हता. मधी माझं कुणीच न्हव्हतं. जेवा. भाकर गार व्हायलीय.”

त्या संध्याकाळी अण्णारावनं दुकान उघडलं नाही. गल्लीतल्या दोघा-तिघांना थांबवून त्यानं खरंच सांगितलं. एक जण म्हणाला, जाऊ द्या आता अण्णाराव, जुनी गोष्ट. दुसऱ्याला सोमेश्वर कोण हेच नीट आठवेना. तिसऱ्यानं विचारलं, पुण्याचा माणूस किती देऊन गेला चाकाचे? अण्णाराव घरी आला. भागम्मानं स्वयंपाक करून ठेवला होता आणि ती तिच्या खोलीत होती.

सकाळी त्यानं आंघोळ केली. भस्म लावलं. तांब्या घासला, पण भरला नाही. आज तो तिनं भरायचा, असं त्यानं ठरवलं होतं. माफी तोंडानं मागून पुरत नाही, रीतच मोडली पाहिजे. रिकामा तांब्या त्यानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला, देवघरापुढे मांडी घातली, डबीतून लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर घेतलं. एकदा लिंग हातावर घेऊन बसलं की पूजा झाल्याशिवाय उठता येत नाही.

“भागम्मा,” त्यानं हाक मारली. “पूजेचं पाणी दे ग.”

आत भांडं वाजायचं थांबलं. ती उंबऱ्यापर्यंत आली, हे त्याला पाठमोरं असूनही कळलं. तिनं तांब्या उचलला. मग नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तांब्या भरत आल्यावर आवाज बारीक होत जातो तसा झाला. अण्णारावचे डोळे भरून आले. त्यानं तळहात जरा पुढे केला.

भागम्मा आली ती त्याच्या शेजारून पुढे गेली. खिडकीखाली तिची पूजेची जागा होती. तिथं ती बसली, गळ्यातलं स्वतःचं लिंग काढून तळहातावर घेतलं, आणि तांब्यातलं पाणी त्याच्यावर हळूहळू घालू लागली. आज पहिल्यांदा तिचे ओठ हलत नव्हते. आज माफी मागायची नव्हती.

तांब्या रिकामा झाल्यावर तिनं तो पालथा घातला.

“भागम्मा,” अण्णाराव म्हणाला. त्याचा हात तसाच पुढे होता. “माझं पाणी?”

“तुमचं तुमी भरा भावजी,” मागं न बघता ती म्हणाली. “सवय हाय तुमाला.”